चारकोल सुरू करायचाय? मग काळ्यावर कमी आणि कागदावर जास्त खर्च कर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी करणारा एक मुलगा, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही दिलेल्या, इंजिनिअरिंगला गेल्यावर ड्रॉइंग सुटलं ते सुटलंच. आता परत चारकोलपासून सुरू करायचंय. ऑनलाइन एक ७२ नगांचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलाय आणि विचारून राहिला की ताई, हा घेऊ का, नाही तर नेमकं काय काय घेऊ, फिक्सेटिव्ह (चित्रावरची पूड पक्की करायचा फवारा) लागतंच का, आणि आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहतो, रूममेट आत्तापासूनच कुरकुर करतात की घरभर काळं करशील, त्याचं काय करायचं.

अरे बापा, आधी तो सेट कार्टमधून काढ. बाकी मग बोलू.

मी बावीस वर्षं ड्रॉइंग शिकवून राहिले, आणि दर जूनमध्ये दोन-तीन जण तरी असला सेट घेऊन येतातच, काळं झिपवालं पाऊच, उघडलं की एकदम डॉक्टरच्या बॅगेसारखं दिसतं, बघूनच मस्त वाटतं. मी पाहिलेल्या अशा सेटांमध्ये अर्ध्याहून जास्त नग साध्या ग्राफाइट पेन्सिली आणि रंगीत पेन्सिली असतात, मग शार्पनर, छोटीशी वही, दोन-तीन खोडरबर, आणि खरा चारकोल म्हणशील तर पाच-सहा कांड्या आणि दोन-तीन पेन्सिली. वर्षाअखेरीला त्यातल्या चार वस्तू झिजलेल्या असतात, बाकी सगळं जसंच्या तसं. मागे एकीने त्याच पाऊचमधल्या ८बी पेन्सिलीने पूर्ण चेहरा काढला, तिला वाटलं काळी आहे म्हणजे चारकोलच असेल, आणि मग वरून चारकोल मारायला गेली तर तो बसेचना, नुसता घसरून राहिला. ग्राफाइट गुळगुळीत असतं, चकाकतं, आणि कागदाचे खड्डे भरून टाकतं, त्यावर चारकोल धरत नाही. ग्राफाइट आणि चारकोल एकाच चित्रात सुरुवातीला आणूच नको. खालची रेघ पण चारकोलनेच काढ, हलकी.

आता मुद्द्याचं. चारकोलची कांडी म्हणजे जळलेली काडी, बस. तिच्यात गोंद नाही, मेण नाही, काही नाही. ती कागदावर घासली की जी पूड पडते ती कागदाच्या खरबरीत खाचांमध्ये नुसती बसून राहते. म्हणजे चित्र धरून ठेवायचं सगळं काम कागद करतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की पैसे काळ्यावर नको घालू, पांढऱ्यावर घाल, म्हणजे कागदावर आणि रबरावर. दुकानात जाऊन लोक अर्धा तास कांड्या बघतात आणि निघताना सांगतात "एक ड्रॉइंग बुक पण द्या", आणि ते ड्रॉइंग बुक निघतं गुळगुळीत आयव्हरी कागदाचं. मग आठ दिवसांनी मला फोन, मॅडम चारकोल मला जमत नाही, सगळं राखाडी होते, काळं येतच नाही. अरे तुला जमत नाही असं नाही, त्या कागदाला दातच नाहीत.

दात म्हणजे कागदाचा खरबरीतपणा. तो बघायची पद्धत सोपी आहे. दुकानात शीट उचल, दारापाशी जा जिथे उजेड तिरपा पडतो, आणि कागद डोळ्यांच्या रेषेत आडवा धर. बारीक बारीक रवा पसरल्यासारखं दिसलं तर घे. आरशासारखं सपाट दिसलं तर ठेव परत. मग बोटाच्या टोकाने हलकं घासून बघ, नखाने नको, दुकानदार ओरडेल. आणि खिशात एक कांडी ठेवून जा, कोपऱ्याचा कापलेला तुकडा मागून त्यावर एक रेघ मार आणि बोटाने पुस. पूड जर एका फटक्यात सगळी निघून गेली तर तो कागद आपल्या कामाचा नाही, थोडी तरी मागे राहायला पाहिजे.

कोणता कागद, तर पहिल्या दोन महिन्यांसाठी साधा कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा जाडसर खरबरीत कागद, १३० ते १५० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा, सुट्या शीट घे, वही नको. वहीत समोरासमोरची पानं एकमेकांना घासतात आणि डाव्या पानावर उजव्या पानाचं भूत उमटतं. पूर्ण इम्पीरियल शीट म्हणजे २२ बाय ३० इंच, ती अर्धी कापून घे. ह्याच्यापेक्षा लहान घेऊ नको हे मी मुद्दाम सांगते, कारण इंटरमिजिएटवाल्या सगळ्यांना पेन्सिल मनगटातून चालवायची सवय असते, चारकोल खांद्यातून चालतो, ए४ वर तो गुदमरतो. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो, तो सोडून दे. चार्ट पेपरची एक बाजू चकचकीत आणि एक मॅट असते, त्या मॅट बाजूवर हात मोकळा करायला चालतं, मी स्वतः लहानपणी त्याच्यावरच केलं. वॉटरकलरचा एकदम रफ कागद मात्र उलट्या टोकाला जातो, त्याचे खड्डे इतके मोठे की नाक काढलं तर नाकावर देवीचे व्रण आल्यासारखे दिसतात, कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खरबरीत, एकवेळ चालेल.

हात सुटायला रोजची वीस-तीस झटपट चित्रं काढायची असतात, दोन-दोन मिनिटांची, त्यासाठी न्यूजप्रिंट बेस्ट. न छापलेला वर्तमानपत्राचा कागद. एखाद्या ओळखीच्या छापखान्यात विचारून बघ, रिळाचा शेवटचा उरलेला भाग कधी कधी वजनावर मिळून जातो. तो वर्ष-दोन वर्षांत पिवळा पडतो, लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असते नं त्यात, पण ती चित्रं ठेवायची नसतातच. आणि पुस्तकाला कव्हर घालतो तो खाकी कागद आहे नं, त्याची खरबरीत बाजू, त्यावर काळा चारकोल आणि पांढरी पेन्सिल, काय सुंदर दिसतं. कागदाचा रंगच मधला टोन होऊन जातो, तुला फक्त उजेड आणि अंधार घालायचा.

नंतर कधी हात बसला की मग कॅन्सनचा मि-तांत घेऊन बघ, १६० जीएसएमचा रंगीत कागद आहे, त्याची एक बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार आणि दुसरी बारीक दाण्याची. नवीन लोक जाळीवाली बाजू वर घेतात आणि मग पोर्ट्रेटच्या गालावर जाळी उमटली म्हणून रडतात. चेहऱ्याला बारीक बाजू. पण हे आत्ता नको, महाग कागदावर हात घाबरतो.

कागदावरच इतकं बोलले, आता कांड्या.

आधी एक गंमत. मी सातवीत असताना आमच्या गल्लीतल्या प्रेसवाल्याकडून कोळसा मागून आणला होता, इस्त्रीतला, म्हटलं हाच तर चारकोल. मराठीत कोळसा म्हटलं की दोन्ही आलं, खाणीतला दगडी कोळसा आणि लाकडाचा लोणारी कोळसा, आपल्याला पाहिजे तो लोणारी, हे मला तेव्हाही माहीत होतं म्हणून मी फार हुशारीत होते. पण तो तुकडा मध्येच मऊ लागायचा, मध्येच दगडासारखा, आणि एका ठिकाणी त्याने कागद सरळ ओरबाडला. कारण इंधनाचं लाकूड कसंही असते, गाठी असतात, मधला भाग नीट जळलेला नसतो. चित्राच्या कांडीला सारख्या जाडीची, बिनगाठीची, आतपर्यंत एकसारखी जळलेली काडी लागते.

बाजारात जो विलो चारकोल मिळतो तो ह्याच कारणासाठी, विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड, त्याच्या कोवळ्या फांद्या सरळ आणि सारख्या वाढतात. द्राक्षवेलीच्या काड्यांचा पण करतात, त्याला वाइन चारकोल म्हणतात (दारूशी संबंध नाही, वेल ह्या अर्थाने), तो जरा जास्त राखाडी आणि हलका चालतो. तू विलो घे. मध्यम जाडीच्या कांड्यांचा एक डबा, बारीकवाल्या नको, त्या तुझ्या पेन्सिलच्या सवयीत दाबल्या की कटाकट मोडतील. डबा उघडून बघू देत असतील तर दोन कांड्या एकमेकींवर अलगद आपटून बघ, नीट जळलेली असली की काचेच्या बांगड्यांसारखा बारीक किणकिण आवाज येतो, कच्ची असली तर लाकडासारखा ठक्क. वाटेत मोडल्या तरी हरकत नाही, तसंही मी नवीन कांडी मुद्दाम मोडून दीड-दोन इंचाचा तुकडाच वापरते, तो आडवा धरून फिरवला की एका हाताच्या फटक्यात पाठ, खांदा, झाडाचं खोड, सगळं बसतं.

विलोचा गुण काय, तर तो जातो. कापडाने झटकलं की बराचसा निघून जातो, म्हणून चुकायची भीती नाही. आणि दोष काय, तर हाच. त्याने गडद काळं येत नाही, एका मर्यादेनंतर तू कितीही घासलं तरी वरची पूड खाली पडत राहते. त्या शेवटच्या काळ्यासाठी कॉम्प्रेस्ड चारकोल. तो म्हणजे चारकोलची पूड बाइंडर, म्हणजे गोंदासारखं काही, घालून दाबून केलेली कांडी, डांबरासारखी काळी, पण एकदा लागली की पूर्ण निघत नाही, खाली डाग राहतोच. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी विलो, चित्र जागेवर बसलं, मापं तपासून झाली, प्रकाश कुठून येतो ते ठरलं, मगच कॉम्प्रेस्ड, तेही फक्त सगळ्यात खोल अंधारात, नाकपुडीत, मानेखाली, केसांच्या मुळाशी. एक कांडी घे फक्त. एक वर्ष पुरते. जे लोक कॉम्प्रेस्डनेच सुरुवात करतात त्यांचं चित्र दहा मिनिटांत तव्याच्या बुडासारखं होते आणि परतीचा रस्ता नसतो.

पेन्सिली दोन, एक सॉफ्ट एक मीडियम. कॅमलिनच्या चालतील, पुढे जनरल्सच्या वापरून बघ. पण पेन्सिलीचं टोक शार्पनरमध्ये करू नको, आतली कांडी ठिसूळ असते, पिळलं की आतल्या आत तुटते आणि मग तू टोक करत जातो आणि टोक गळत जाते, अर्धी पेन्सिल अशीच संपते. कटरने लाकूड सोलायचं, इंचभर चारकोल उघडा ठेवायचा आणि मग पॉलिश पेपरवर फिरवत टोक आणायचं. २२० नंबरचा पॉलिश पेपर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आर्ट मटेरियलच्या दुकानात लाकडी पट्टीवर चिकटवलेला मिळतो तो पण हाच असतो, फक्त दुकान बदललं म्हणून भाव बदलतो. आणि पेन्सिल हातातून फरशीवर पडू देऊ नको, बाहेरून काही दिसत नाही पण आत चार तुकडे झालेले असतात. पॉलिश पेपरवर जमा झालेली पूड फेकू नको, छोट्या डबीत भरून ठेव, बॅकग्राउंडला टोन द्यायला कामी येते. विकतची चारकोल पावडर मग घ्यावीच लागत नाही.

पांढरी चारकोल पेन्सिल म्हणून जी विकतात ती चारकोल नसतेच, जळून पांढरं काय होणार, राख! ते पांढरं रंगद्रव्य असते बाइंडर घालून. खाकी कागदावर वापर. पांढऱ्या कागदावर वापरायची काही गरज नाही, आणि काळ्यावरून तर अजिबात फिरवू नको, निळसर मळकट होते.

आता रबर, ह्याच्यावर मी वर्गात जेवढी बोलते तेवढी कशावरच बोलत नाही. पेन्सिलच्या चित्रात रबर म्हणजे चूक सुधारायची वस्तू. चारकोलमध्ये रबर म्हणजे पांढरी पेन्सिल समज. एक नीडेबल इरेझर घे, पुट्टी रबर पण म्हणतात, कणकेसारखं मळता येणारं, करडं. फेबर-कास्टेलचं छोट्या प्लॅस्टिक डबीत मिळतं ते चांगलं. हे घासायचं नसते, टिपायचं असते. टोक काढून हलकं दाबलं आणि उचललं की तेवढीच पूड त्याला चिकटून येते. दाबशील तेवढा उजेड. काळं झालं की मळून आतला स्वच्छ भाग बाहेर आणायचा, आणि मळूनही काळंच राहायला लागलं की नवीन घ्यायचं, साबणाने धुवायला जाऊ नको. नागपूरच्या मे महिन्यात हे रबर च्युइंगगम होऊन बसते, कागदालाच चिकटते, तर उन्हाळ्यात ते डबीत घालून माठाच्या शेजारी ठेव. हसू नको, मी ठेवते. आमच्या घरी आईच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ते राहतं आणि पाहुण्यांनी दोनदा उघडून बघितलंय.

सोबत एक साधं नॉन-डस्ट रबर, अप्सरा-नटराज कुठलंही, कटरने तिरकं कापून घ्यायचं म्हणजे धार येते. डोळ्यातला चमकता ठिपका, स्टीलच्या गडव्याच्या काठावरची रेघ, हे पुट्टीने येत नाही, ह्या धारेने येते. पुट्टी आणि हे धारदार रबर, एवढी दोनच. पूर्वी युरोपातले चित्रकार खोडायला पावाचा मऊ गर वापरायचे, आणि विलोची पूड झटकायला पक्ष्याचं पीस. पाव मी करून बघितलाय, जमतो, फक्त ताजा आणि बिनबटरचा पाहिजे, पोळीचा तुकडा चालत नाही कारण तेल असते. पीस मात्र मी रोज वापरते, बाल्कनीतल्या कबुतरांची तेवढी एकच सेवा आहे. हाताने झटकलं की फासतं, फुंकर मारली की थुंकीचे थेंब पडतात आणि तो डाग मग निघत नाही, पिसाने नुसती वरची सुटी पूड उडते.

एक प्रयोग सांगते, पहिल्या रविवारी हाच कर. एक संत्रं घे, नागपुरात काय कमी आहे. संध्याकाळच्या खिडकीपाशी ठेव, बाजूने उजेड. विलोचा तुकडा आडवा धरून कागदाचा मधला सगळा भाग एकसारखा राखाडी करून टाक, जुन्या सुती कापडाने गोल गोल फिरवून पूड आत बसव. आता ह्या राखाडीत पुट्टीने संत्र्याची उजेडाची बाजू उचल, रेघ न काढता, नुसतं टिपून टिपून. मग सावलीची बाजू विलोने. मग संत्रं जिथे टेबलाला टेकलंय तिथली बारीक फट, तेवढीच कॉम्प्रेस्डने, एकच फटका. आणि मग बघ सालीवरची ती बारीक छिद्रं, ती तुला काढावीच लागत नाहीत, कागदाच्या दाण्यानेच अर्धी काढून ठेवलेली असतात. हेच गुळगुळीत आयव्हरीवर करून बघ, प्लॅस्टिकचा चेंडू होईल. कागद-कागद मी का करून राहिले ते तिथे कळेल.

बाकीच्या गोष्टी पटापट. ब्लेंडिंगला कागदाची दाबून केलेली स्टंप एक घे, दोन्हीकडे टोक असलेली, ती मळली की पॉलिश पेपरवर घासायची. बोटाने ब्लेंड करायचा मोह होतो पण आपल्याकडच्या घामात बोटाचं तेल कागदाला लागते आणि तिथे नंतर ढगासारखे डाग उठतात. शॅमी लेदर, म्हणजे पुसायचं मऊ कातडं, मिळालं तर छान, नाही तर जुन्या मलमलचा तुकडा त्याहून छान, गांधीबागेत कापडवाल्यांकडे चिंध्या मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही, आणि आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं असेल तर त्याला तोड नाही. ड्रॉइंग बोर्ड हाफ इम्पीरियल, किंवा सुताराकडून प्लायचा तुकडा कापून घे, दोन क्लिपा, मास्किंग टेप. बोर्ड आणि कागदाच्या मध्ये चार-पाच कोरे कागद गादीसारखे ठेव, नाही तर बोर्डावरची प्रत्येक खरचट चित्रात उमटते. बोर्ड आडवा ठेवून काम करू नको, उभा ठेव, खुर्चीच्या पाठीला टेकव, म्हणजे पूड चित्रावर न साचता खाली पडते. खाली ओल्या फडक्याची पट्टी ठेवली की सगळी तिथेच.

नागपुरात मिळतं का, तर मिळतं. बर्डीवर आणि महालात ड्रॉइंगचं सामान ठेवणारी जुनी स्टेशनरीची दुकानं आहेत, कार्ट्रिज, कॅमलिनच्या पेन्सिली, स्टंप, बोर्ड हे तिथे मिळून जातं. चांगला विलो कधी असतो कधी नसतो, तो ऑनलाइन मागवला तरी चालेल. कागद मात्र हात लावून बघूनच घे. आणि ऑनलाइन शोधताना नुसतं "चारकोल" टाकलं की आधी दहा फेसवॉश येतात, "ड्रॉइंग" शब्द जोड.

घरी पण करता येतो, विचारलं नाहीस तरी सांगते कारण मला ह्यात मजा येते. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रकारांमध्ये चिंचेच्या काड्यांच्या कोळशाने पहिलं रेखाटन करायची पद्धत होती. चिंचेच्या पेन्सिलएवढ्या सरळ काड्या घे, साल काढ, पंधरा दिवस वाळू दे. घट्ट झाकणाच्या टिनच्या डब्यात दाटून भर, मधल्या फटींत वाळू घाल, झाकणाला खिळ्याने एक बारीक भोक पाड. थंडीत गावाकडे शेकोटी पेटली की डबा निखाऱ्यात ठेवायचा. भोकातून आधी वाफ, मग पांढरा धूर येतो, धूर बंद झाला की डबा बाहेर काढायचा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, डबा पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. आत हवा नसल्यामुळेच काड्यांचा कोळसा झालाय, गरम असताना उघडलं की हवा मिळते आणि सगळं पेटून राख. मी पहिल्यांदा धीर न धरता उघडला होता, डोळ्यांदेखत सगळी मेहनत लाल झाली. फ्लॅटमध्ये गॅसवर हा प्रकार करू नको हं.

फिक्सेटिव्ह. लागतं, पण पहिल्या महिन्यात नाही. सरावाची चित्रं फिक्स करत बसू नको. एखादं ठेवण्यासारखं झालं तर स्प्रेचा कॅन घे, चित्र भिंतीला उभं कर, फूटभर अंतरावरून मार, सुरुवात कागदाच्या बाहेरून आणि शेवटही बाहेर, म्हणजे थेंब चित्रावर पडत नाहीत. एकच जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर, मध्ये वाळू द्यायचं. हे पण माहीत असू दे की स्प्रे मारला की चित्र थोडं गडद होतेच आणि सगळ्यात नाजूक राखाडी टोन थोडे बुडतात, म्हणून उजेडाची बाजू जरा जास्तच उजळ ठेवायची. बाल्कनीत मार, घरात नाही, वास वाईट आणि ते पेट घेणारं असते, आमच्याकडे देवघरात समई चालू असताना एकाने मारायला काढला होता, मी ओरडलेच. कॅन गाडीत विसरू नको, त्यावर ५० डिग्रीच्या वर ठेवू नका असं छापलेलं असते आणि मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत ते सहज ओलांडते.

हेअरस्प्रे मारला तर चालतो का, हे तू विचारणारच. सरावाच्या चित्रावर मार बापा, पण तो पुढे पिवळा पडतो, चिकट राहतो. आणि साय काढलेल्या पातळ दुधाचा फवारा हा पण जुना उपाय आहे, दुधातलं केसीन पूड धरून ठेवतं, व्हॅन गॉग त्याच्या ड्रॉइंगवर दूध वापरायचा. मी कॉलेजात असताना मोठ्या कौतुकाने करून बघितलं. चित्र छान फिक्स झालं. तिसऱ्या दिवशी त्यावर मुंग्यांची रांग होती, मॉडेलच्या डाव्या कानातून उजव्या कानात.

आपल्या गावाची खास अडचण म्हणजे कूलर. बाहेर ४५ डिग्री आणि आत डेझर्ट कूलर ढणाढण चालू, त्याची हवा ओली असते, कागद पाणी पितो, पापडासारखा वाकतो, आणि ओलसर कागदावर चारकोल पसरायच्या ऐवजी एका जागी चिकटून बसतो, पुसायला गेलं की फासतो. वरून त्या वाऱ्याने पूड उडून तुझ्या रूममेटच्या उशीवर. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ काम कर, कूलर बंद ठेवून. पावसाळ्यात कागद पलंगाखालच्या फरशीवर ठेवू नको, कपाटाच्या वरच्या कप्प्यात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, आडवा. झालेल्या चित्रांच्या मध्ये बटर पेपर घाल, वर्तमानपत्र नको. फ्रेम करायची वेळ आली तर काचेची कर आणि मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांग म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. अ‍ॅक्रिलिक शीट स्वस्त पडते आणि फुटत नाही म्हणून फ्रेमवाले तीच गळ्यात मारतात, पण ती पुसली की तिच्यात स्टॅटिक येतं आणि चित्रावरची पूड ती स्वतःकडे ओढून घेते.

रूममेटचं म्हणशील तर त्यांचं चुकीचं नाही. खिडकीजवळचा एक कोपरा ठरव, खाली जुनी चादर. केरसुणी मारू नको, पूड उडते आणि नाकात जाते, ओल्या फडक्याने टिपून घे. पावडर पसरून काम करशील तेव्हा मास्क लाव. आणि चादर बाल्कनीतून झटकायच्या आधी खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत नं ते बघ. कुणाच्या पांढऱ्या शर्टाला लागलंच तर घाबरून पाणी लावायला धावू नको आणि चोळू नको, चोळलं की आत बसते, तसाच कोरडा झटक, पुट्टी रबराने टिप, आणि मग धुवायला टाक.